सांजाची बाजू

मार्च लागला की आमच्या इमारतीखालचं क्रिकेट बंद पडतं. बॅटी कपाटांवर जातात आणि संध्याकाळी खिडक्याखिडक्यांतून पाठांतराचे आवाज येऊ लागतात. मागच्या आंब्याला मोहोर असतो, नाक्यावर उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजायला लागतात, दुपारी गॅलरीतली लादी पायाला चटका देते. कल्याण पूर्वेला हा मोसम असाच येतो. आणि तो आला की माझ्या पोटात गोळा येतो. मी शेवटची परीक्षा दिली त्याला जमाना झाला, आता माझी कुणी परीक्षा घ्यायची राहिलेली नाही, हे डोक्याला कळतं. पोटाला कोण सांगणार?

यंदाही तो गोळा आला आणि त्याच्यामागून सांजा आठवली. सांजा म्हणजे कुणी शेजारीण नव्हे, नातेवाईकही नव्हे. ती एका कादंबरीतली, वेशीवर पहारा देणारी बाई. मोबाइलवरच्या एका ॲपवर भागाभागाने येणारी, जादूच्या राज्यातली ती प्रेमकथा होती. नाव ‘मिठाची वेस’. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तिचं दुसरं पर्व आलं. पहिल्या पर्वात मी सांजावर जीव टाकला होता. दुसऱ्या पर्वात तिचा मनापासून द्वेष केला. आणि तो मोसम संपता संपता तिचं वकीलपत्र घेऊन उभी राहिले. आजही मी ते खाली ठेवलेलं नाही.

मी ठाण्याला एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर तेव्हा सावंत मॅडम बसायच्या. मूळच्या मालवणकडच्या, राहायला डोंबिवलीत, निवृत्तीला टेकलेल्या, आणि वाचनाचा असा नाद की भेळेचा कागदही घडी उलगडून वाचतील. एकदा त्या मला म्हणाल्या, “तू भिंतीकडे बघत जेवतेस ना, ते बघून मला घास उतरत नाही.” माझा फोन घेऊन त्यांनीच ते ॲप त्यात टाकलं. माझं नाव, आडनाव, साडीतला फोटो, सगळं रीतसर चढवलं. “हे वाच. कोण लिहितंय माहीत नाही, टोपणनाव आहे. पण पोरगी आहे, आणि इकडचीच आहे. लिहिण्याला खाडीचा वास येतो.”

गोष्ट अशी. मिठाच्या विटांनी बांधलेलं एक नगर. तटापलीकडे पाणी, आणि पाण्यात राहणारे लोक. त्यांचा राजपुत्र नीर. त्यानं किनाऱ्यावरची गावं बुडवली असं नगरात सगळे सांगतात. नगराची राजकन्या रेवा. तिला आई नाही. एक दिवस राजा मोहिमेवर निघतो आणि जाता जाता वेशीवरच्या सांजाला सांगतो, “मी येईपर्यंत वेस उघडू नकोस.” राजा येत नाही. दर अमावास्येला तटाबाहेर नीरची पावलं उमटतात, ओली, उन्हातसुद्धा न वाळणारी. तो शीळ घालतो. रेवा ऐकत राहते. तेव्हा सांजा चंद्राकडे आपली झोप गहाण टाकते. ती जागी आहे तोवर वेशीला कुणी हात लावू शकणार नाही, आणि तिला आता कधीच झोप येणार नाही. पहिलं पर्व तिथे संपलं.

ते वाचून मी कार्यालयाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. रेवा आणि नीरच्या प्रेमात मला काडीचा रस नव्हता. तो शीळ घालायला लागला की मला धडकीच भरायची. मी वाचायचे ती सांजासाठी. कुणीतरी जागं राहणाऱ्या बाईवर लिहिलंय, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की ती बाई लेखिकेनं कुठे पाहिली असेल हा प्रश्न मनात आला नाही.

आता मनूबद्दल सांगायला हवं. मनू माझी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ती पाचवीत असताना बाबा गेले. शहाडला मित्राकडे निघाले होते. दारात चपला घालता घालता म्हणाले, “सुजे, मनूकडे लक्ष दे, मी आलोच.” आणि मित्राच्या घरी चहाचा कप हातात असतानाच छातीत कळ येऊन गेले. आई दवाखान्यात आया होती, तिच्या दिवसाच्या रात्रीच्या पाळ्या असायच्या. बाबांच्या जागी मला अनुकंपेवर नोकरी लागली, आणि मनू माझ्याकडे लागली. तिची वेणी, तिचा डबा, तिच्या कांजिण्या, तिचे पाढे. नोकरी मिळाली की माणूस उभं राहतं हे मी स्वतःवरून शिकले होते, म्हणून पदवी झाल्याबरोबर तिला स्पर्धा परीक्षांना बसवलं. एकदा थोडक्यात हुकली, मग परत बसली, मग परत. त्या वर्षी एप्रिलअखेर तिची पूर्व परीक्षा होती.

त्या मोसमात मनू गप्प झाली. तशी ती बडबडी कधीच नव्हती, पण आता सगळं बोलणं “हो”, “नाही”, “बघते” यावर आलं होतं. गॅलरीतल्या टेबलावर पुस्तक उघडं असायचं आणि फोन पालथा. मी चहा घेऊन गेले की ती पान उलटायची, आणि मला दिसायचं की आधीचं पान तिनं वाचलेलंच नाही. कुणी मुलगा असेल का? कुणी त्रास देतंय का? अभ्यासानं डोक्यावर परिणाम झाला असेल का? मन चिंती ते वैरी न चिंती. मी सकाळी पेपरातल्या पोरींच्या बातम्या तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे, दुपारी अपघातांचे व्हिडिओ पाठवायचे, संध्याकाळी चार प्रश्न जास्त विचारायचे. ती एकाचं उत्तर द्यायची. मी आणखी चार विचारायचे. हातानं वाढवलेली पोर त्याच दोन खोल्यांत राहून माझ्यापासून लांब चालली होती. ती माझ्या हातून जाईल या भीतीनं माझं जेवण तुटलं होतं.

दुसरं पर्व सुरू झालं ते या सगळ्यात. पहिल्याच काही भागांत लेखिकेनं आम्हा वाचकांना उताणं पाडलं. ओहोटीच्या एका दुपारी रेवा तटाच्या भेगेतून नीरशी बोलते, आणि ज्याला आम्ही इतकं घाबरत होतो तो निघतो साधा, जरा बावळटच मुलगा. पाण्यात मासोळी, पण जमिनीवर चार पावलांत ठेचकाळणारा. गावं त्यानं बुडवलीच नव्हती. तिथली माणसं आपल्या पायांनी पाण्यात उतरली होती आणि खाली शेती करून सुखानं राहत होती. आणि ती शीळ? ती रेवाला भुलवायला नव्हतीच. त्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून तो शीळ घालायचा. अडतीस वर्षांची मी, फायलींवर शिक्के मारता मारता त्या नीरसाठी सुस्कारे टाकू लागले.

सांजा मात्र तीच होती, वेसही तीच. पण गोष्ट आता रेवाच्या बाजूनं सांगितली जात होती, आणि आतून ती राखण वेगळीच दिसत होती. सांजा रोज संध्याकाळी रेवाला बुडालेल्यांची नावं वाचून दाखवते. तिच्या उंबऱ्यावर ताजं मीठ पसरते. तिच्या खोलीची आतली कडी काढून घेते, काळजीपोटी. गावं बुडाली नाहीत हे एक भटका कोळी येऊन तिला सांगतो, तेव्हा ती त्याला जेवू घालते, आणि हे रेवाच्या कानावर घालू नकोस म्हणून त्याच्यापुढे हात जोडते. ती वाईट नव्हती, हेच जास्त चिडवणारं होतं. वाईट असती तर रेवा केव्हाच पळून गेली असती.

“बघितलंस या बाईचं?” सावंत मॅडम डब्याचं झाकण आपटत म्हणाल्या. “सासू परवडली गं. सासूचा राग तरी करता येतो.”

“पोरीचा जीव घेईल ही,” मी म्हटलं.

“मग लिही ना तसं खाली. लेखिका वाचते सगळ्यांच्या प्रतिक्रिया.”

मी जन्मात कधी कुठे प्रतिक्रिया लिहिली नव्हती. त्या दिवशी भाजीचे हात पुसून लिहिली, ‘या बाईला आधी संपवा. हिच्या मायेनं पोरगी गुदमरून मरेल.’ पुढे रागानं लाल झालेला चेहरा टाकला. सावंत मॅडमनी टाळी दिली. दोन घास जास्त गेले मला.

मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या सकाळी आम्ही तिघी पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेलो. रस्त्यावर निळ्या पताका, मिरवणुकीच्या गाडीवर स्पीकर चढवण्याची घाई, उन्हाला आत्ताच धार. वंदना झाली, खिरीचे द्रोण हातात आले. मनू खांबाला टेकून फोन बघत होती. बघता बघता हसली, आणि मग तिचा चेहरा असा झाला की आता रडणार.

“कोणाचा मेसेज?” मी विचारलं.

“कोणाचा नाही.”

“मग हसलीस कशाला?”

“ताई, खीर खा ना. निवतेय.”

मी विहारातल्या एकेका पोराकडे निरखून बघू लागले. यातला कोण? हा फेटेवाला, की तो ढोल घेतलेला? दोघातिघांकडे मी असं बघितलं की त्यांनी घाबरून मला जय भीम घातला. आईनं माझा दंड धरून बाहेर आणलं.

त्यानंतरचा भाग मी कार्यालयात जेवताना उघडला. रात्र आहे. झोप नसलेली सांजा रेवाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसली आहे. आत सगळं शांत झालं की ती भिंतीतून विचारते, “आहेस ना?” रेवानं “आहे” म्हणायचं. उशीर झाला की सांजा पुन्हा विचारते. तरी उत्तर आलं नाही तर दार उघडतं. रेवा भेगेतून नीरला सांगते, “मला नुसतं गप्प बसता येत नाही. माझ्या गप्प बसण्यालाही उत्तर द्यावं लागतं.”

घास हातातच राहिला. “आहेस ना?” हे आमच्या घरातलं वाक्य आहे. बाबा गेल्यापासूनचं. मनूचा आवाज आला नाही की मी विचारते. बाथरूमच्या दाराशी, गॅलरीच्या पडद्यापाशी, पांघरुणाच्या वर वाकून. ती कॉलेजला जायला लागल्यावर फोनवर विचारू लागले. तिनं उत्तर दिलं की माझा श्वास पुढे जायचा. हे मी इतकी वर्षं करत होते की त्याला करणं म्हणतात हेही विसरले होते. आमच्या आतल्या खोलीची कडी निघाली होती ती कितीतरी दिवस बसवायची राहिली होती, तेही तेव्हाच आठवलं.

“काय गं, ठसका लागला?” सावंत मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. मी मान हलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जिला आम्ही ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत मनानं शोधत होतो ती लेखिका आमच्याच गॅलरीत बसून लिहीत होती. आणि जिला संपवा म्हणून मी लिहिलं होतं, ती बाई रोज तिला गरम पोळी वाढत होती.

मी कुणाला काही बोलले नाही. पहिलं पर्व पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी ते आता वेगळं लागत होतं. झोप गहाण टाकण्याच्या जागी मी रडले होते. आता तिथे मला दिसलं की सांजा चंद्राला विचारते, वेशीला विचारते, रेवाला मात्र विचारत नाही. मला लाज वाटली. आणि लाज फार वेळ सोसवेना म्हणून मग राग आला, तो सगळा रेवावर. कृतघ्न कार्टी. नीरचं काय, शीळ घातली की झालं. तापात कपाळावर पाण्याच्या घड्या कुणी ठेवल्या? बोरं कुणी वेचून आणली? आणि सांजाच्या वेशीवरही कधी कुणी येऊन शीळ घातलीच असेल की. तिनं ‘पोर लहान आहे’ म्हणून त्याला माघारी पाठवलं असेल. ते का नाही लिहिलं लेखिकेनं? मी कुणाच्या बाजूनं भांडत होते हे सांगायला नकोच.

पुढचे दिवस वाईट गेले. नवा भाग आला की मी आधी शेवटची ओळ बघायचे. आज मारते का उद्या? खाली वाचक सांजाच्या मरणाची वाट बघत होते, आणि माझ्याच प्रतिक्रियेला सगळ्यांत जास्त पसंती मिळत होती. ती पुसायची कशी हे मला येत नव्हतं, आणि सावंत मॅडमना विचारायची सोय नव्हती. घरी “आहेस ना” ओठावर यायचं आणि मी ते गिळायचे. मनू चमकून माझ्याकडे बघायची. मग आम्ही दोघी गप्प. पूर्वी तिच्या गप्प बसण्याची भीती होती, आता माझ्याही.

परीक्षेआधीच्या रविवारी आई गच्चीवर कुरडया घालत होती. मी सावलीच्या पट्ट्यात बसून फोन बघत होते. आई म्हणाली, “काय ते सारखं वाचतेस? मोठ्यानं वाच. माझे हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत.”

आईला लेखिका कोण हे ठाऊक नव्हतं. निदान मी तरी सांगितलं नव्हतं. मी वाचू लागले. त्या भागात रेवा सांजाला विचारते, तुला हे राखायला सांगितलं कुणी? सांजा राजाचे शब्द सांगते.

आईनं सोऱ्या थांबवला. “राजा एवढंच म्हणाला? मी येईपर्यंत?”

“हो.”

“आणि ही अजून तेच धरून बसलीय?”

“शब्द दिलेला तिनं.”

“अगं, बाहेर पडताना माणूस काहीतरी म्हणतंच. मी भाजीला जाताना रोज तुला सांगते, दुधाकडे बघ. म्हणून कोणी जन्मभर दुधाकडे बघत बसतं का?”

आणि तिनं सोऱ्या पुन्हा फिरवायला घेतला. बाबांचं जातानाचं वाक्य तिला माहीत होतं. दुधाचं ते ती कुणाला उद्देशून म्हणाली हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मला पुढची ओळ दिसेना.

जिन्याच्या तोंडाशी मनू चिकाचं पातेलं घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

“वाच ना पुढे, ताई.”

“तूच वाच,” मी म्हटलं. “तुला पाठ असेल.”

तिनं पातेलं खाली ठेवलं. आईनं ते ओढून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

“ओळखलंस तर,” मनू म्हणाली.

“‘आहेस ना’ लिहिलंस तेव्हा.”

“त्यासाठीच लिहिलेलं ते. तुझी कमेंट मी विहारात वाचली. आधी हसले, मग रडायलाच आलं. मला वाटलेलं तू वाचलंस की तुला कळेल. तू तर म्हणतेस हिला संपवा. म्हणजे ताई, तुला सगळं कळत होतं. फक्त ती तू आहेस एवढंच कळत नव्हतं.”

“मग मार ना आता. सगळ्यांना तेच हवंय.”

“पहिल्या पर्वातली पण तूच आहेस. झोप गहाण टाकलेली. तो भाग मी रडत रडत लिहिलाय.”

“तोंडानं सांगायचंस की मला.”

“सांगायला आले की तू घाबरतेस. तू घाबरलीस की मी घाबरते. मग काय सांगायला आलेले तेच विसरते.”

मग तिनं जे सांगायचं होतं ते एका दमात सांगितलं. पुण्यातल्या एका कंपनीला ऐकायच्या मालिका लिहिणारी माणसं हवी होती. त्यांनी ‘मिठाची वेस’ वाचून तिला बोलावलं होतं. ही परीक्षा ती देणार होती, आणि निकाल काहीही लागला तरी जूनमध्ये पुण्याला जाणार होती. “विचारत नाहीये, ताई. सांगतेय.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. राग आला, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. तिथे राहणार कुठे, कोणाबरोबर, येणार कशी, जेवणार काय. आईनं वळून न बघता माझ्या हातात चिकाचा चमचा दिला, आणि आम्ही तिघींनी उरलेल्या कुरडया घातल्या.

परीक्षेला ती एकटी गेली. आजवर प्रत्येक वेळी केंद्राबाहेर मी बसले होते, झाडाखाली पेपर अंथरून, पाण्याची बाटली आणि काकडी घेऊन, बाकीच्या आयाबापांबरोबर. ठाण्यातल्या कितीतरी शाळांची फाटकं मला त्यामुळे ओळखीची झाली आहेत. त्या दिवशी घरात बसणं जमेना. लसूण सोलला, डबे पुसले, पुसलेलेच परत पुसले. संध्याकाळी ती मोठं कलिंगड उचलून घेऊन आली. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही, आणि कलिंगड कापताना सुरी बोटाला लागली. पुढे निकाल लागला. तिचं नाव नव्हतं. ते तिनं हसत सांगितलं, मलाच पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या पर्वाचा शेवट मी सगळ्या वाचकांबरोबरच वाचला. लेखिकेनं सांजाला मारलं नाही. चंद्र तिची झोप परत करतो. वेशीच्या उंबऱ्यावरच तिला डुलकी लागते, आणि रेवा तिला ओलांडून पाण्याकडे निघून जाते. वाचक खूश झाले. सावंत मॅडमनी डोळे पुसले. मी मात्र घरी येऊन बॅग भरणाऱ्या मनूसमोर उभी राहिले.

“उठवायचं तरी होतं तिला.”

“उठवलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुठे चाललीस,” मनू साडीची घडी घालत म्हणाली. “आणि इतक्या वर्षांनी झोपलेली गं. मलाच उठवावंसं नाही वाटलं.”

याला आता दोन वर्षं झाली. सावंत मॅडम निवृत्त झाल्या, अधूनमधून फोन करतात, आणि सांजाचा विषय निघाला की आमचं वाजतं. त्या अजून तिला खलनायिका म्हणतात. मी म्हणते, तट नसता तर रेवा जगली तरी असती का? राखण कधी सोडायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढाच तिचा दोष. त्या म्हणतात, तू फारच मनाला लावून घेतेस बाई, गोष्ट आहे ती. मी हो म्हणते. काळजी काही गेलेली नाही. पुण्यात जोराचा पाऊस म्हटलं की मी बातम्या लावते. फक्त ती काळजी आता पहिल्यासारखी मनूच्या ताटात वाढत नाही. तांदूळ निवडत बसते. आमच्याकडे इतके निवडलेले तांदूळ कधी नव्हते.

गेल्या आठवड्यात दुपारी, डबा उघडायला आणि मनूचा फोन यायला एकच गाठ पडली.

“ताई, ताप येऊन गेला. आता बरी आहे.”

येऊन गेला. म्हणजे आला, राहिला आणि गेला, आणि मी इथे फायलींवर शिक्के मारत होते. कोणता डॉक्टर, रक्त तपासलं का, रात्री जवळ कोण होतं, पोटात काय गेलं, मला का कळवलं नाहीस, सगळे प्रश्न दातांमागे येऊन उभे राहिले. मी टेबलाची कड धरली.

“बरं,” एवढंच म्हटलं.

मग ती आपणहून बोलू लागली. “रूममेटनं नेलं डॉक्टरकडे. बाई आहेत, चांगल्या आहेत. रक्त तपासलं, डेंग्यू नाही. रात्री रूममेट जागीच होती. आणि तुला तेव्हा नाही कळवलं कारण तू मिळेल त्या गाडीनं आली असतीस, आणि मग तुलाच बघावं लागलं असतं.”

माझे सगळे प्रश्न तिला पाठ होते, माझ्याच क्रमानं. ते संपल्यावर ती फोन ठेवेल असं मला वाटलं. पण ती त्या रूममेटचं सांगू लागली, मग तापात पडलेल्या एका खुळ्या स्वप्नाचं, मग ऑफिसातला एक जण घरून पेज करून घेऊन आला आणि ती इतकी खारट होती की दोघांनाही हसू आवरेना, त्याचं. तो कोण, हे मी विचारलं नाही. डब्यातली भाजी गार झाली, शेजारच्या टेबलावरची माणसं जेवून उठली, आणि मनू बोलतच राहिली.